प्रति: मोतीबिंदूनंतर पडद्याची सूज

ताई, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वडिलांच्या डोळ्याच्या पडद्याला (रेटिनाला) आलेली सूज तीन महिने थेंब घालूनही उतरेना आणि आता इंजेक्शन म्हणताहेत, म्हणून धास्तावलात ना? ही सूज डॉक्टरांच्या जुन्या ओळखीची आहे, अर्विन या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने १९५३ मध्येच तिचं वर्णन केलंय. ऑपरेशन बिघडलं असं लगेच धरून चालू नका.

इथे इंदूरला, लोकमान्यनगरात, आमच्या आत्याचंही हेच झालं. लेन्स छान बसली, पण महिनाभराने कालनिर्णयाचे चौकोन वाकडे दिसायला लागले, एकादशीचा तर पार पुसट. सूज उतरवणारे नेपाफेनॅक आणि प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) यांचे थेंब झाले. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं, तिचं नाही भागलं. मग डॉक्टरांनी बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागावरच्या आवरणाखाली ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. (बुबुळातच सुई खुपसतात, हा शेजारपाजारचा प्रचार!) सूज हळूहळू उतरली. त्यानेही नाही जमलं तर डोळ्याच्या आत डेक्सामेथासोनचं (हेही स्टेरॉइडच) इम्प्लांट, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी बारीक कांडी, असतं.

स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढू शकतो, तो तपासून घ्याच. काचबिंदू असेल तर आधीच सांगा. वडिलांना मधुमेह आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीये. असेल तर सूज साखरेची की ऑपरेशनची, हे स्पष्ट विचारा, उपचार त्यावर बदलतो. आणि जुने ओसीटीचे (पडद्याच्या स्कॅनचे) रिपोर्ट सोबत न्या.