मदत हवी आहे: महाबळेश्वरच्या पावसात आई-बाबांना कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी, सध्या आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरला आहोत आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये. खिडकीबाहेर नुसतं पांढरं धुकं, मुलीचे मोजे पंख्याखाली रात्रभर ठेवूनही ओलेच. पॉइंट बघण्यात अर्थ नाही. प्रतापगड आम्ही सोडून दिलाय; आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरडी येतात, म्हाताऱ्या माणसांना घेऊन तो धोका नको.

पण आई-बाबा फार वर्षांनी घराबाहेर पडलेत. त्यांचे दिवस खोलीत टीव्हीपुढे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

बाबा वाचनवेडे, म्हणून भिलार डोक्यात आहे. २०१७ साली ते पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत पुस्तकं ठेवलीत. भर पावसात ती घरं उघडी असतात का? दोन-तीन तास निवांत बसू देतात का? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे खुर्ची असलेलं, पायऱ्या कमी असलेलं घर कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा.

दुसरा विचार वाईचा. खाली उतरलं की पाऊस बराच कमी होतो. ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आईला दाखवायचाय. कृष्णेला पाणी चढलेलं असताना मेणवलीच्या घाटावरची ती मोठी घंटा जवळून बघता येते का? की मुक्कामच पाचगणीला हलवावा?

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळाबाहेरची फरशी कितपत निसरडी असते, हेही कळवा. नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर फार बरं होईल.