मदत हवी आहे: मानवशास्त्र परिषदेसाठी पॉडकास्ट, ९ स्वयंसेवक, २ दिवस (सोलापूर)

दुसरं_वर्ष

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजात मानवशास्त्राची दोन दिवसांची परिषद आहे. निबंधांवर पॉडकास्ट करायचं काम आम्हा ९ विद्यार्थी स्वयंसेवकांकडे आलंय. साधारण २० मिनिटांचे ६ भाग, परिषद संपल्यावर ३ आठवड्यांत.

सामान: एक झूम एच१एन रेकॉर्डर, फोनला लागणारे दोन वायरवाले कॉलर माईक, ऑडॅसिटी (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) असलेला लॅपटॉप आणि सभागृहाची साउंड सिस्टिम. खर्चाला २,००० रुपये, त्यातच कार्ड, सेल आणि चहा.

चाचणी घेतली तर हे झालं:

१. मिक्सरमधून वायर काढून रेकॉर्डरला दिली की आवाज फाटतो. रेकॉर्डरचा आवाज कमी-जास्त करायचा खटका १ वर आणला तरी फाटलेलाच, फक्त हळू. शिवाय मागे एकसारखं 'हूंऽऽ' चालू.

२. वायर न लावता रेकॉर्डर टेबलावर ठेवला तर विहिरीतून बोलल्यासारखं येतं.

३. निबंध आहेत विडी कामगार, यंत्रमाग, विमुक्त जमाती, गड्ड्याची जत्रा यांवर. काही जण मुलाखतींच्या क्लिप ऐकवणार आहेत, त्यांत तेलुगू, कन्नड, दखनी. त्या आम्हाला वापरता येतील का? परवानगी कोणाची घ्यायची?

कुठून सुरुवात करू?

---

नवीपेठ

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. मिक्सरचा लाइन-आउट (आवाज बाहेर देणारी जागा) १ व्होल्टच्या आसपास असतो. माईकसाठीच्या जागेला काही मिलिव्होल्ट पुरतात. आवाज आत शिरतानाच चेंगरतो, खटका त्यानंतर लागतो. म्हणून खटका कमी केला की फाटलेलाच आवाज हळू ऐकू येतो.

उपाय दोन. मिक्सरवर 'ऑक्स' किंवा 'रेक आउट' (रेकॉर्डिंगसाठी वेगळा आवाज देणारी जागा) असेल तर वायर तिथून घ्या आणि त्याची पातळी मिक्सरवरच खाली आणा. ऑक्स घेतलात तर तो 'प्री-फेडर' (सभागृहाच्या आवाजाच्या पट्टीआधीच घेतलेला) करायला सांगा, नाहीतर सभागृहातला आवाज कमी-जास्त केला की तुमचंही रेकॉर्डिंग वरखाली होईल. तसं आउटपुट नसेल तर मधे २० ते ४० डेसिबलचा पॅड (पातळी कमी करणारा जोड) लावा. रेकॉर्डरवर बोलण्याची शिखरं, म्हणजे सगळ्यात मोठे आवाज, -१२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटला रेकॉर्ड केलंत तर हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

'हूंऽऽ' म्हणजे ५० हर्ट्झची वीज आवाजात शिरते आहे. रेकॉर्डर यूएसबीने लॅपटॉपला आणि लॅपटॉप चार्जरला लावलाय का? आधी चार्जर काढून बघा, मग यूएसबी काढा. गुणगुण थांबली तर अर्थिंगचा वेढा पडलाय, म्हणजे यंत्रं एकमेकांना दोन वाटांनी अर्थला जोडली गेलीत. रेकॉर्डर सेलवर चालवा, प्रश्न मिटला. तरीही राहिली तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज जाऊ देतो, वायरींचा थेट जोड तोडतो) मधे घाला, साउंडवाल्याकडे असतो. प्लगची अर्थची पिन मोडून टाकायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. ऐकू नका, शॉक बसेल.

सेलवरच चालवायचं आणखी एक कारण म्हणजे वीज गेली की चालू फाइल नीट बंद होत नाही आणि मग उघडता उघडत नाही.

---

भुईकोट

नवीपेठ यांचं बरोबर, पण मला मुळात सत्रं रेकॉर्ड करून भाग बनवण्याचाच बेत पटत नाही. व्यासपीठावर १५ मिनिटांत २५ पानं उरकली जातात, स्लाइड दाखवून 'हे बघा' म्हटलं जातं. ऐकणाऱ्याला काय दिसणार? सत्राचं रेकॉर्डिंग संदर्भासाठी जरूर ठेवा, पण भागासाठी निबंध वाचून झाल्यावर त्याच दिवशी वक्त्याला शांत खोलीत नेऊन १२-१५ मिनिटं बोलतं करा. कागद बाहेर ठेवायला सांगा.

प्रश्न आधी पाठवा, पण चारच: कुठे गेलात, कोणाशी बोललात, काय अपेक्षित नव्हतं ते निघालं, आणि या लोकांना तुमचा निबंध वाचून दाखवला तर ते कशावर हरकत घेतील? चौथ्या प्रश्नावर मंडळी कागदी भाषा सोडतात.

विचारणाऱ्याने एक काम नेटाने करायचं. परिभाषा आली की तिथेच थांबवायचं. वक्ता 'क्रॉस-कझिन मॅरेज' म्हणाला तर 'म्हणजे मामाच्या मुलीशी लग्न?' असं विचारा. सोलापुरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो: अनेक मराठी जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा नाही, आणि तेलुगू भाषक घरांत बहिणीच्या मुलीशीही लग्न होत आलंय, ते कसं? इथे भाग रंगतो.

आता दुसरा प्रश्न, विहिरीसारखा आवाज. फरशी आणि गिलाव्याच्या भिंतींवरून आवाज परत येतो. पहिला इलाज अंतराचा: कॉलर माईक हनुवटीखाली १५-२० सेंटिमीटरवर, बाहेरच्या बाजूला. पदर, ओढणी, मंगळसूत्र त्याला घासतंय का ते हेडफोन लावून ऐका. हा घासलेला आवाज नंतर कशानेही जात नाही. खोली लहान आणि भरलेली निवडा. ग्रंथालयाची पुस्तकांच्या रॅकांमधली गल्ली उत्तम. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर.

आपल्या गावात चादरींना तोटा नाही, त्या वापरा. मात्र एक चादर भिंतीला चिकटवून लावली तर फक्त वरच्या पट्टीचे आवाज शोषले जातात, घुमणं राहतं. दोन-तीन घड्या करून, भिंतीपासून वीतभर पुढे, बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर टाका. म्हणजे माईकच्या तोंडासमोरची भिंत झाकली जाते. टेबलावरही एक अंथरा. गादी मिळाली तर चादरीपेक्षा सरस.

---

दुसरं_वर्ष

चार्जर काढल्या काढल्या गुणगुण बंद! मिक्सरला रेक आउट पण सापडला. ग्रंथालयाच्या मॅडमनी मागची खोली दिली आहे.

कॉलर माईक रेकॉर्डरला लावला तर आवाज अगदी बारीक येतो, फोनला लावला तर ठीक. माईक बिघडलाय का?

आणि शहराच्या पूर्व भागात जाऊन यंत्रमागाचा आवाज घ्यायचा विचार आहे. फोनवर घेतला तर नुसता गोंगाट आला.

---

नवीपेठ

माईक चांगला आहे. फोनच्या माईकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, रेकॉर्डरला दोन रेघांची पिन लागते. ते बदलणारा छोटा अडॅप्टर मिळतो. रेकॉर्डरच्या मेनूत 'प्लग-इन पॉवर' चालू करा, कॉलर माईकला वीज तिथून मिळते. माईकच्या डबीवर फोन/कॅमेरा असा खटका असेल तर तो कॅमेऱ्यावर.

मागाचं असं की फोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो, म्हणून खटखट सपाट होते. रेकॉर्डर घ्या, 'ऑटो लेव्हल' बंद करा, दारातून ३-४ मीटरवरून २ मिनिटं. मग एकाच मागाजवळ १ मिनिट. मग माग बंद होतानाचा आवाज, कारण भाग सुरू करायला किंवा संपवायला तोच कामाला येतो. चालू मागाशेजारी मुलाखत मात्र घेऊ नका. माणूस ओरडून बोलतो आणि ओरडून बोललेलं कापताही येत नाही. मुलाखत आत घरात, मागाचा आवाज नंतर खाली अंथरायचा.

कार्ड ३२ जीबीचं मायक्रोएसडी, फॉरमॅट रेकॉर्डरमध्येच करायचं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओला तासाला १ जीबीच्या थोडं वर जागा लागते. हा रेकॉर्डर २ जीबीला नवी फाइल उघडतो, म्हणजे दोनेक तासांनी. अर्धं रेकॉर्डिंग हरवलं म्हणून धावाधाव नको.

---

कंबरतलाव

तिसऱ्या प्रश्नाकडे सगळ्यांनी पाठ फिरवली की ओ. माझ्या मते सगळ्यात अवघड तोच आहे, म्हणून लांब लिहिते.

वक्त्याने सभागृहात क्लिप ऐकवली म्हणून ती तुम्हाला मिळाली असं होत नाही. विडी वळणाऱ्या बाईंनी संशोधकाला 'अभ्यासासाठी' होकार दिलेला असतो. तो होकार ४० माणसांच्या खोलीपुरता ताणता येईल एक वेळ, पण इंटरनेटवर कायम राहणाऱ्या फाइलला लागू होत नाही. तेव्हा वक्त्याला लेखी विचारा: मूळ परवानगीत आवाज जाहीर करण्याचा उल्लेख आहे का? नसेल तर त्यांनी परत जाऊन विचारावं. वेळ नसेल तर क्लिप गाळा आणि वक्त्याच्या तोंडून आशय घ्या.

'नाव काढून टाकतो' हे पुरत नाही. आवाज हीच ओळख असते. घरकुलातली अमुक गल्ली, दोन मुली, नवरा पूर्वी मिलमध्ये, एवढं सांगितलं की शेजारी ओळखतात. कारखानदाराबद्दल किंवा मजुरीबद्दल काही बोलल्या असतील तर उद्या पानं-तंबाखू मिळायला त्रास त्यांना होणार, तुम्हाला नाही. पट्टी बदलून आवाज जाड-बारीक करणं हाही इलाज नव्हे. पट्टी उलट फिरवता येते आणि बोलण्याची ढब तशीच राहते. ओळख लपवायचीच असेल तर तेच शब्द दुसऱ्या कोणीतरी वाचावेत आणि तसं भागात सांगावं.

विमुक्त जमातींवरचा निबंध असेल तर दुप्पट जपा. १८७१ च्या कायद्याने अशा जमातींतल्या माणसांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो १९५२ साली रद्द झाला, पण सोलापुरात 'सेटलमेंट' (त्यांना ठेवलेली वसाहत) हा पत्ता अजून आहे आणि त्यासोबतचा संशयही. भागाच्या नावात, जाहिरातीच्या चित्रात 'गुन्हेगार' हा शब्द चटकदार म्हणून घालू नका, अवतरणचिन्हातसुद्धा नको. ऐकण्यात अवतरणचिन्ह नसतं.

परवानगीचा फॉर्म एक पान, मराठीत, आणि तीन वेगळे चौकोन: फक्त संग्रहासाठी / मजकुरात उद्धृत / आवाज जाहीर. खाली माघार घेण्याची तारीख, भाग निघण्याच्या चार दिवस आधीची. वाचता येत नसेल त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा आणि होकार रेकॉर्डिंगवरच घ्या. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही. वक्त्यांनाही फॉर्म द्या, शिवाय निबंध अजून छापायचा आहे का ते विचारा. असेल तर कोणती आकडेवारी भागात नको ते त्यांनीच सांगावं.

प्रश्नोत्तरं गाळा. प्रेक्षकांनी परवानगी दिलेली नसते, आणि तसंही त्यात प्रश्न कमी आणि भाषण जास्त.

गाणी असतील तर आणखी एक. ओवी किंवा गोंधळाचं पद 'लोकांचं' असलं तरी गाणारी व्यक्ती एकच असते, तिची परवानगी हवीच. काही पदं विधीबाहेर म्हणायची नसतात, तेही विचारून घ्या.

---

शेंगाचटणी

भाषेपुरतं माझं. तेलुगू-कन्नड क्लिप मिळालीच तर मूळ आवाज ४-५ सेकंद मोकळा ऐकू द्या, मग १५ डेसिबल खाली आणून वर मराठी वाचन सुरू करा. वाचन मूळ बोलणं संपण्याआधी संपवा, म्हणजे शेवटचे दोन-तीन शब्द पुन्हा त्या माणसाचेच ऐकू येतात. वाचणाऱ्याने अभिनय करायचा नाही, रडवेला सूर तर मुळीच नाही. भाषांतर एकाने करायचं आणि ती भाषा घरात बोलणाऱ्या दुसऱ्याने ते आधी न बघता क्लिप ऐकून पडताळायचं. तुमच्या ९ जणांत तेलुगूवाले दोघं तरी असतीलच की बे, सोलापूर आहे.

दखनीचं मराठीत भाषांतर करण्याआधी ती तशीच ठेवून बघा. इथल्या श्रोत्याला बहुतेक कळते.

लेखी उतारा यंत्राकडून काढलात तर आडनावं, जातींची नावं, मागाच्या भागांची नावं हमखास चुकतात. हाताने तपासा. एका तासाच्या बोलण्याचा उतारा पूर्ण हाताने करायचा तर चार-सहा तास धरा.

---

दुसरं_वर्ष

कंबरतलाव ताई, फॉर्मचं आजच लिहायला घेते. दोन क्लिप आत्ताच बाद होणार असं दिसतंय.

शेवटचं: ९ जणांत कामं कशी वाटू? आणि ऑडॅसिटीत काय क्रमाने करायचं? आवाज साफ करायला गेलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं होतं.

---

भुईकोट

रेकॉर्डिंगला २, बोलतं करायला २, परवानग्या आणि कागद १, वक्त्याला सभागृहातून खोलीत आणायला १ (हे काम हलकं समजू नका, चहाच्या सुट्टीत वक्ते गायब होतात), संपादन २, उतारा १. रेकॉर्डिंगवाल्यांपैकी एकाच्या कानावर कायम हेडफोन. रोज संध्याकाळी फाइल लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर. भाग निघेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. फाइलच्या नावात तारीख, सत्र, खोली, क्रमांक. व्हॉट्सअॅपवर पाठवायची वेळ आली तर 'डॉक्युमेंट' म्हणूनच.

२० मिनिटांच्या भागाला संपादनाचे ५-६ तास धरा. ६ भाग, २ माणसं, ३ आठवडे: जमेल, पण परीक्षा मधे नसेल तर.

---

नवीपेठ

पाण्याखालचा आवाज 'नॉइज रिडक्शन' (मागचा गोंगाट कमी करणं) जास्त दिल्यामुळे. ६ ते ९ डेसिबलच्या पुढे जाऊ नका. त्यासाठी प्रत्येक मुलाखतीआधी सगळ्यांना गप्प बसवून खोलीची ३० सेकंद शांतता घ्या, नमुना म्हणून तीच द्यायची. कापलेल्या जागा बुजवायलाही तीच लागते.

क्रम: आधी काटछाट. मग ८० हर्ट्झखालचं काढणारा हाय-पास फिल्टर. मग गरज असेल तरच नॉइज रिडक्शन. मग कॉम्प्रेसर (मोठ्या आणि हळू आवाजातला फरक कमी करतो), २:१ किंवा ३:१. शेवटी 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' (सगळ्या भागांचा आवाज सारखा करणं) -१६ एलयूएफएसला; एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप. तुमचा भाग मोनो (एकाच वाहिनीचा) असेल आणि 'मोनोला ड्युअल-मोनो समजा' हा चौकोन रिकामा असेल तर -१९ द्या, भरलेला असेल तर -१६ च. इथे बहुतेकांची गल्लत होते आणि एक भाग दुसऱ्यापेक्षा मोठ्याने वाजतो. शिखर -१ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

एमपी३ मोनो, ९६ केबीपीएस. २० मिनिटांचे साडेचौदा एमबी होतात. मुखचित्र चौकोनी, किमान १४०० बाय १४०० पिक्सेल.

पहिला भाग निघण्याआधी एकदा फोनच्या साध्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून ऐका. शब्द तिथे कळले नाहीत तर खाली अंथरलेला मागाचा आवाज जास्त झालाय.