पॅनजीनोमसाठी रोअरी की पनारू? मदत हवी आहे

मंडळी, क्लेबसिएला या जीवाणूचे दीडेक हजार जीनोम आहेत, सगळे प्रोक्काने (जीनोममधले जीन ओळखणारं सॉफ्टवेअर) अ‍ॅनोटेट केलेत, आता कुठले जीन सगळ्यांत आहेत नि कुठले मोजक्यांतच ते, म्हणजे पॅनजीनोम (सगळ्यांच्या जीनची एकत्र यादी), काढायचंय. त्यासाठीचं रोअरी हे सॉफ्टवेअर चालवलं, फास्ट आहे यात वादच नाही, पण कोअर (जवळपास सगळ्यांत असणारे) जीन फारच कमी येतायत आणि अ‍ॅक्सेसरीची (मोजक्यांतच असणाऱ्या जीनची) यादी मारुतीच्या शेपटीसारखी वाढतेय. नीट बघितलं तर कॉन्टिगच्या (जुळवून मिळालेल्या सलग डीएनए-तुकड्याच्या) टोकाला तुटलेल्या एकाच जीनचे दोन तुकडे वेगवेगळे जीन म्हणून मोजलेत. आयडेंटिटी (एकच जीन मानायला लागणारं किमान साम्य) 95 वरून 90 टक्के केली तरी फारसा फरक नाही, उलट वेगळ्या जीन-फॅमिली एकात मिसळायची भीती. पनारू हे दुसरं सॉफ्टवेअर कुठल्या जीनशेजारी कुठला जीन आहे याचा ग्राफ वापरून असल्या चुका दुरुस्त करतं, पण त्याच्या स्ट्रिक्ट (जास्त गाळणाऱ्या) मोडमध्ये प्लाझ्मिडवरचे (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएवरचे) दुर्मिळ जीन उडतील का? मला तर नेमके तेच हवेत. सेन्सिटिव्ह (कमी गाळणारा) मोड ठेवू का? आणि एवढ्याला रॅम साधारण किती लागते, की गट पाडून चालवून नंतर मर्ज करू?