गेटचा कॅमेरा आणि समोरचा टॉवर: टिळकवाडीतल्या आमच्या सोसायटी ग्रुपवरून

सेक्रेटरी, ए-१०१: गेटचा कॅमेरा संध्याकाळी सातनंतर परत अडकायला लागलाय. दुकानदार म्हणतोय, बँडपास फिल्टर बसवा. प्रत्येक फ्लॅटच्या राऊटरलाही घ्या, एकदम घेतले तर स्वस्तात देतो. हो-नाही कळवा.

बी-१०४: माझं होय लिहून घ्या. मालिका लावली की नुसतं गोल फिरतंय, पुढं सरकंना झालंय.

सी-३०२: साहेब, थांबा की जरा. गेटसाठी विचार करू, घरोघरी अजिबात नको. फिल्टर लहरींचा (फ्रिक्वेन्सीचा) ठरलेला पट्टा आत सोडतो, त्याच्या खालचं-वरचं अडवतो. आपलं वायफाय २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झमध्ये, आणि त्याला खालून चिकटून २३०० ते २४०० हा फोर-जीचा पट्टा. समोरच्या मोबाइल टॉवरखाली माझा फोन तोच पट्टा, म्हणजे बँड ४०, दाखवतो. गेटचा कॅमेरा वायफायनं टेरेसवरच्या रेडिओला जोडलाय, आणि त्या रेडिओचा अँटेना नेमका टॉवरकडं तोंड करून. एवढ्या जवळून जोर आला की रिसिव्हर बधिर होतो. तिथं फिल्टर कामाला येतो. पण शेजाऱ्याचा राऊटर तुमच्याच चॅनलवर असेल तर फिल्टरच्या लेखी तोही आपलाच माणूस, त्याला अडवणार कसा?

ए-२०३: अरे पण ॲपवर चॅनल १ रिकामा दिसत होता, म्हणून तर मी टेरेसच्या रेडिओला तो ठेवला.

सी-३०२: अण्णा, ते ॲप फक्त वायफाय दाखवतं, टॉवर त्यात येत नाही. रेडिओच्या सेटिंगमध्ये नॉइज फ्लोअर, म्हणजे मागचा गोंगाट, बघा. काल दुपारी उणे ९३ होता, रात्री आठला उणे ७८. १५ डीबी (डेसिबल, ताकदीतला फरक सांगायचं माप) म्हणजे तीसपट गोंगाट, आणि चॅनल रिकामा! म्हणजे बहुतेक बाहेरचाच. त्यात चॅनल १ टॉवरला सगळ्यात जवळचा, २४०२ पासूनच सुरू होतो. कुठलाही फिल्टर सुरीनं कापल्यासारखा कापत नाही, उतार असतो. २ मेगाहर्ट्झच्या फटीत तो काय करणार? चॅनल ११ घेतला तर ५० मेगाहर्ट्झची मोकळीक मिळते. हे फुकटात होतंय, आधी हेच करू.

डी-४०१: एवढा खटाटोप कशाला? केबल ओढा की सरळ.

सी-३०२: केबलसारखं दुसरं काही नाही, कबूल. पण लॅन केबल १०० मीटरपर्यंतच, गेट त्याच्या पलीकडं. फायबर ओढायचं तर नवीन पेव्हर उखडायचे. परवाच्या मीटिंगमध्ये पेव्हरवरून काय झालं ते आठवतंय ना?

डी-४०१: 🙏 मी काही बोललो नाही.

सेक्रेटरी, ए-१०१: मग फिल्टर घ्यायचा का नाही? एक काय ते सांगा.

सी-३०२: चॅनल बदलून आणि अँटेना हलवून भागलं नाही तर घ्यायचा, टेरेसच्या रेडिओपुरता एकच. आधी दुकानदाराला दोन आकडे विचारा: आपल्या पट्ट्यात किती डीबी खातो आणि टॉवरच्या पट्ट्यातल्या २३९० मेगाहर्ट्झला किती अडवतो. पहिला १-२ असेल तर चालेल, ३ म्हणजे निम्मी ताकद गेली. दुसरा आकडा सांगता येत नसेल तर डबी कितीही चकचकीत असू दे, परत द्या. अँटेना मात्र पाण्याच्या टाकीच्या आड नेऊ. टॉवर टाकीमागं जाईल, गेट समोर राहील. पाणी या लहरी चांगल्याच शोषतं. क्लॅम्प उद्यमबागेत करून मिळेल.

बी-१०४: आणि माझ्या मालिकेचं?

सी-३०२: काकू, तुमच्या राऊटरचा अँटेना आतच पक्का आहे, फिल्टर लावणार कुठं? तो फ्रीजमागून काढून हॉलमध्ये ठेवा. टीव्ही घेत असेल तर वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडून देतो.

बी-१०४: ये बाबा, पण साडेसातच्या आत ये.

सेक्रेटरी, ए-१०१: फ्लॅटचे फिल्टर रद्द. रविवारी सकाळी टेरेस. शिडी कुणाकडं आहे?

ए-२०३: शिडी माझ्याकडं. पण दहाच्या आत उरका, नंतर पत्रा तापतो.