मदत हवी आहे: प्रत्येक लेबलवर वेगळी माहिती छापताना चूक नेमकी कुठे अडवायची?

नमस्कार मंडळी,

ऑइल सील (फिरत्या शाफ्टभोवती बसवायची, तेल गळू न देणारी कडी) पाकिटात भरून, लेबल लावून देण्याचं आमचं छोटं काम आहे. लेबलं थर्मल ट्रान्सफर प्रिंटरवर (रिबनवरची शाई उष्णतेने लेबलवर उमटवणारा) रोलमध्ये छापतो. नाव-पत्ता सगळ्यांवर सारखाच असतो. पार्ट नंबर, माप, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख आणि बारकोड बदलतात. ही बदलती माहिती एक्सेल शीटमधून लेबलच्या सॉफ्टवेअरमध्ये जाते.

गेल्या महिन्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. शीट मापाप्रमाणे लावताना फक्त मापाचा कॉलम सॉर्ट झाला, बाकीचे जागच्या जागी राहिले. एक्सेलने विचारलं होतं, शेजारचे कॉलमही घ्यायचे का म्हणून. मी घाईत नको म्हटलं. त्यामुळे ४०×५२×७ च्या सीलवर ३५×५२×७ छापलं गेलं. बाहेरचा व्यास तोच, आतला ५ मिमीने वेगळा. बंद पाकिटात बघून कुणाच्या लक्षात येणार? लेबल सुबक होतं, बारकोड वाचला जात होता, माल गेला. मेकॅनिकने सील शाफ्टवर बसवायला घेतलं तेव्हा उलगडा झाला. माल परत आला ते सोसता येईल, पण ज्याचं यंत्र त्या दिवशी उघडून पडलं होतं त्याचा विचार मनातून जात नाही.

तेव्हापासून रोल सुरू करण्याआधी एक टेस्ट लेबल काढतो आणि दोघं जण बघतो. तरी बारीकसारीक चुका निसटतातच. परवा ००४७१ चं ४७१ झालं. एका बॅच नंबरात आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ई अक्षर होतं, १२ई३ असा. एक्सेलने त्याची संख्या करून टाकली आणि लेबलवर १२००० आलं.

मला हे हवं आहे: तपासणी कोणत्या टप्प्यावर ठेवू? रोलमधली किती आणि कोणती लेबलं बघू? रिबन मध्येच संपली की पुन्हा छापताना काही दुप्पट होतात, काही राहून जातात, त्यावर काय करता?

प्रतिसाद

ताई, आधी शीटकडे बघा. माहिती भरण्यापूर्वीच पार्ट नंबर, बॅच असे कॉलम टेक्स्ट करून ठेवायचे. शून्य उडाल्यावर फॉरमॅट टेक्स्ट करून ते परत येत नाही. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक करून उघडूच नका, डेटा मेनूतून इम्पोर्ट करा आणि तिथे कॉलमचा प्रकार टेक्स्ट निवडा. लांब आकड्यांचं आणखी वाईट होतं: एक्सेल पहिले १५ अंकच जपतो, पुढच्या अंकांची शून्यं करतो. ही फक्त आपल्यासारख्यांची अडचण नाही. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखा करायचा, म्हणून २०२० मध्ये मार्च१, सेप्ट१ अशी जनुकांची नावं शास्त्रज्ञांना अधिकृतपणे बदलून घ्यावी लागली.

पण मला मुळात वेगळंच विचारायचं आहे. माप शीटमध्ये हाताने येतंच कशाला? माप पार्ट नंबरला बांधलेलं असतं. एक मास्टर यादी करा, ती कुलूपबंद ठेवा. रोजच्या शीटमध्ये पार्ट नंबर, बॅच आणि नग एवढंच भरा, माप आणि बारकोड यादीतून उचलला जाऊ दे. व्हीलुकअप (यादीतून जुळणारी माहिती उचलणारं एक्सेलचं सूत्र) वापरत असाल तर शेवटी फॉल्स लिहायला विसरू नका. ते लिहिलंच नाही तर तो जवळपासचं उत्तर शोधतो आणि कसलीही तक्रार न करता चुकीचं माप देतो.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. एक भर: फिल्टर लावलेल्या शीटमध्ये पेस्ट करू नका, लपलेल्या ओळींतही मजकूर जाऊन बसतो.

टेस्ट लेबल पहिल्या ओळीचं काढू नका, पहिली ओळ बहुधा साधी असते. सर्वांत लांब नावाची ओळ, शून्याने सुरू होणारा नंबर, तिरपी रेघ किंवा स्वल्पविराम असलेली ओळ आणि अगदी शेवटची ओळ, एवढ्यांची लेबलं काढा. चौकटीत न मावलेला मजकूर सॉफ्टवेअर कधी कधी गुपचूप कापतं. आमच्याकडे नावाचा शेवटचा शब्द उडायचा आणि दोन वेगळे पार्ट सारखे दिसायचे.

धागाकर्ती

मास्टर यादीचं पटलं, आजच बसते. बारकोडबद्दल विचारायचं होतं. शेवटचा अंक तपासणीचा असतो ना? मग स्कॅनर वाचतो म्हणजे नंबर बरोबर, असं धरू का?

प्रतिसाद

नाही, तिथेच फसगत होते. १३ अंकी बारकोडमध्ये डावीकडून पहिल्या १२ अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणतात, बेरीज करतात आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक. एखादा अंक चुकला तर तो पकडला जातो. पण दुसऱ्याच पार्टचा बरोबर नंबर छापला तर तो तितक्याच सहज वाचला जातो. तुमच्याकडे झालं ते याच जातीचं.

म्हणून छापलेलं लेबल स्कॅन करून ऑर्डरच्या कागदाशी ताडा. ज्या फाइलमधून छापलं तिच्याशीच ताडलं तर चूक स्वतःशीच जुळते. आणि रोलमागे एक पाकीट उघडून सील व्हर्नियरने (बारीक मापं घेण्याचं साधन) मोजा. माझ्या मते तुमच्या कामात ही तपासणी सर्वांत मोलाची आहे, कारण बाकी सगळ्यात कागद कागदाशी जुळतो, वस्तूला कुणी विचारत नाही.

बारकोड ओढून लहान-मोठा करू नका. २०३ डीपीआयच्या (एका इंचात २०३ ठिपके) प्रिंटरवर एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके बसतात, अर्धा ठिपका छापता येत नाही, म्हणून रेघा असमान होतात. रुंदी सॉफ्टवेअरमध्येच पूर्ण ठिपक्यांत निवडा.

प्रतिसाद

रिबन संपण्याबद्दल: लेबलवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत अनुक्रमांक छापा. रोल थांबला की शेवटचं चांगलं लेबल हातात घ्या, त्याचा क्रमांक वाचा आणि पुढच्यापासून सुरू करा. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, प्रिंटरच्या मेमरीत काही लेबलं आधीच गेलेली असतात. खराब लेबलं वहीत चिकटवा. छापलेली म्हणजे लावलेली अधिक खराब अधिक उरलेली, हा हिशेब जुळेपर्यंत पुढचं काम हातात घ्यायचं नाही. उरलेली लगेच फाडा आणि टेबल मोकळं करा. आमच्याकडची सर्वांत वाईट चूक टेबलावर राहिलेल्या जुन्या लेबलांमुळेच झाली होती.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्टर यादी केली. करताना दोन पार्ट नंबरांना एकच बारकोड दिलेला सापडला, तो कधीपासून तसाच होता कोण जाणे. व्हर्नियर आता प्रिंटरशेजारीच ठेवला आहे.

एकच शंका उरली. पॅकिंगची तारीख संगणकाच्या घड्याळातून येते. रात्री बारानंतरही रोल चालू असला तर अर्ध्या लेबलांवर दुसरी तारीख पडते. काय करू?

प्रतिसाद

घड्याळातून घेऊच नका. ऑर्डर उघडताना तारीख एकदाच ठरवा आणि रोल संपेपर्यंत तीच ठेवा. महिना अक्षरांत छापा. ०४/०५ कुणी ४ मे वाचतो, कुणी ५ एप्रिल.