थर्मोस्टॅट काढलेली गाडी हायवेवर थंड, घाटात गरम. परत बसवावा का?

घाटवाट:
१.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ९२,००० किमी. दोन वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला, 'आपल्या हवेत लागत नाही' म्हणून. तेव्हापासून हायवेवर तापमानाचा काटा पावच्या वर जात नाही, ॲव्हरेज १७ वरून १४ वर आलंय आणि स्कॅनर लावला की पी०१२८ कोड येतो. उलट पसरणी घाटात एसी लावून पाचगणीला चढताना काटा पाऊणच्या पुढे जातो. एकच गाडी थंडही राहते आणि तापतेही, हे कसं? आत बोअरचं पाणी आणि थोडं हिरवं कूलंट आहे. नवा थर्मोस्टॅट घरी बसवता येईल का?

पाना_नंबर_१०:
येईल, आणि बसवाच. पी०१२८ म्हणजे इंजिन ठरलेल्या वेळेत ठरलेल्या तापमानाला पोचत नाही. इंजिन अजून थंडच आहे असं समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज तिथेच जातं. न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं ते वेगळंच.

घाटातल्या तापण्याचं एक कारणही तेच असू शकतं. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला मागे दुसरी चकती असते. मुख्य झडप उघडली की ही चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर ती वाट कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परततो. हायवेला समोरून भरपूर वारा असतो म्हणून खपून जातं. घाटात दुसऱ्या गिअरला ते भोवतं.

नवा घेताना त्यावर कोरलेलं तापमान मॅन्युअलशी जुळवा. ८२ लिहिलं असेल तर ८२ला उघडायला सुरुवात, पूर्ण उघडायला साधारण ९५. बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याने टांगून, तळाला टेकू न देता, पाणी तापवा आणि थर्मामीटर धरून बघा. नवा पीसही कधी कधी अडकलेला निघतो.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे सकाळीच, काम करा. रेडिएटर खालून रिकामा करा, होजची (रबरी नळीची) क्लिप मागे सरकवा, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे (कव्हरचे) बोल्ट १० नंबरच्या पान्याने काढा. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच गळती सुरू होते. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे. छोटी हवा सोडणारी पिन असेल तर ती वर, १२ वाजता. रबर रिंग नवीन टाका, तिच्यावर सिलंट फासू नका. एम६ बोल्टला १० न्यूटन-मीटर पुरे. जोर लावला तर ॲल्युमिनियममधले आटे जातात आणि दोनशे रुपयांचं काम हजारात जातं.

थंड_डोकं:
वरचं सगळं बरोबर. पण बोअरचं पाणी तसंच ठेवून थर्मोस्टॅट बदलण्यात अर्थ नाही. त्यातला चुना रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि पंपाचं सील खातो. डिस्टिल्ड वॉटर भरा, इंजिन गरम करा, गार झाल्यावर सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा.

आता मापाचा मुद्दा, इथे बहुतेक जण चुकतात. समजा एकूण ४.५ लिटर मावतं. खालून सोडल्यावर साधारण २.५ लिटर येतं, २ लिटर ब्लॉक आणि हीटरमध्ये राहतं, आणि धुतल्यानंतर ते साधं पाणी असतं. वरून ५०:५० तयार कूलंट २.५ लिटर ओतलं तर प्रत्यक्षात २८ टक्केच होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या: आधी २.२५ लिटर तेच, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. रंग बघून कूलंट निवडू नका, मॅन्युअलमधला प्रकार बघा; दोन वेगळे प्रकार एकत्र आले की गाळ धरू शकतो.

रेडिएटरचं झाकणही बदला, त्यावरचा दाबाचा आकडा (०.९ किंवा १.१ बार) जुन्यासारखाच. पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास आहे, तिथे उघडं पाणी ९६ अंशांना उकळतं. चांगलं ०.९ चं झाकण आणि ५०:५० कूलंट असेल तर उकळबिंदू १२५ च्या आसपास जातो. स्प्रिंग सैल झालेलं झाकण हा दाब धरत नाही.

रेडिएटर_जाळी:
एसी लावल्यावरच काटा चढत असेल तर दोन गोष्टी आधी बघा. एसी सुरू करताच रेडिएटरचा पंखा फिरतो का? नसेल तर फ्यूज, रिले, मोटर. आणि कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) व रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारा: तिथे धूळ आणि किडे घट्ट बसलेले असतात. इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी प्रेशरने पाणी मारा. जोराने मारलं तर जाळीच्या पापण्या वाकतात.

गळती असली तर कोणी हळद टाकायला सांगेल. टाकू नका, हीटरच्या नळ्या बुजतात.

घाटवाट:
थर्मोस्टॅट, झाकण, कूलंट सगळं झालं. काटा आता मध्यावर स्थिर आहे. पण हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही गार वारा येतो आणि डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते.

पाना_नंबर_१०:
हवा अडकली आहे. गार इंजिनवर गाडीचं नाक चढावर करा, झाकण काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून आयडलला चालवा. वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. पातळी उतरली की भरत जा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, तोवर होज तापतो, म्हणून हातमोजे घाला. गाडी बंद करा आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा. मग रिझर्व टाकीवर मार्करने खूण करून चार सकाळी बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरेल, ते चालतं. रोज उतरत असेल तर पंपाखालचं बारीक छिद्र ओलं आहे का बघा. बुडबुडे थांबतच नसतील किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या पॅकिंगची) तपासणी करून घ्या.

थंड_डोकं:
काढलेलं कूलंट उघड्या बादलीत ठेवू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि त्याने मरतात. बाटलीत बंद करून गॅरेजला द्या.