व्यत्यय, संमिश्र, मुलामा: ईएमआय शिल्डिंगच्या सूचनापत्रकासाठी शब्द

प्रश्न (फोंडा): वेर्ण्यातल्या मोल्डिंग कारखान्यासाठी ईएमआय शिल्डिंगचं, म्हणजे यंत्राच्या विद्युतचुंबकीय लहरी अडवणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यांचं, मराठी सूचनापत्रक करायचं आहे. 'निकेल कोटेड कार्बन फायबर कंपोझिट'ला काय म्हणावं? 'ईएमआय'मधल्या 'आय'ला, म्हणजे 'इंटरफिअरन्स'ला, 'व्यतिकरण' चालेल का?

उत्तर (पणजी): व्यतिकरण नको. दोन लहरी एकमेकींवर पडून उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात, त्याला तो शब्द आहे. इथे एका यंत्राच्या लहरी दुसऱ्याच्या कामात अडथळा आणतात, म्हणून 'विद्युतचुंबकीय व्यत्यय'. कंपोझिटला, म्हणजे तंतू मिसळलेल्या प्लास्टिकला, 'संमिश्र'. कोटिंगला मात्र 'मुलामा'च लिहा: साधारण ७ मायक्रॉनच्या तंतूवर पाव मायक्रॉनच्या आसपास निकेल चढवलेलं असतं. 'लेप' हा शब्द डब्याला आतून मारतात त्या वाहक रंगासाठी राखून ठेवा. तो रंग खरवडला की कवच गेलं; संमिश्रात भिंतीच्या आतही तंतूंचं जाळं असतं.

उत्तर (वेर्णा): मुलाम्याचं पटलं. पण पत्रकात 'नीट घोटून मिसळा' असं मुळीच लिहू नका. ऑपरेटर मोल्डिंग यंत्रातल्या मळणाऱ्या स्क्रूचा वेग आणि बॅक प्रेशर (स्क्रूवरचा उलटा दाब) वाढवील, तंतू तुटतील. आखूड तुकडे एकमेकांना टेकत नाहीत, जाळं तुटतं आणि वजनाने तंतू तेवढेच असूनही शिल्डिंग घसरतं. 'तंतू न तोडता मिसळा' असं लिहा आणि खाली स्पष्ट सांगा: बॅक प्रेशर कमी, वेग कमी, गेट (साच्यात प्लास्टिक शिरतं ते तोंड) मोठं. पॉलिकार्बोनेट असेल तर १२० अंशांवर ३ ते ४ तास सुकवणं आणि पावसाळ्यात हॉपरचं (दाणे ओतायच्या डब्याचं) झाकण बंद, हेही घाला.

प्रश्न (फोंडा): आणि डब्याच्या सांध्यातला 'स्लॉट'? भोक म्हणू?

उत्तर (पणजी): 'फट' म्हणा. भोक म्हटलं की माणूस रुंदी बघतो. इथे लांबी महत्त्वाची. १ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३० सेंटिमीटर, म्हणजे १५ सेंटिमीटरची केसाएवढी फटसुद्धा अँटेनासारखी वागते. झाकणाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर दीड सेंटिमीटरच्या आत ठेवलेलं बरं. शिल्डिंग ज्यात मोजतात ते डेसिबलही उलगडून लिहा: ३० म्हणजे लहरींच्या शक्तीचा हजारातला एक भाग पार, ६० म्हणजे दहा लाखांतला एक. ६० म्हणजे ३०च्या दुप्पट अडवणं नव्हे.

पुरवणी (वेर्णा): मोल्डमधून निघालेल्या भागावर नुसत्या प्लास्टिकची पातळ 'साय' असते, तीतून वीज जात नाही. सांध्याच्या कडा पॉलिश पेपरने घासल्याशिवाय झाकण बसवू नये. घासलेली कडा उघड्या ॲल्युमिनियमला थेट टेकवूही नका. आपल्या खाऱ्या, दमट हवेत कार्बनच्या स्पर्शाने ॲल्युमिनियम झिजतं आणि सांधा निकामी होतो. मध्ये ॲल्युमिनियमला चालणारं वाहक गॅस्केट (सांध्यात दाबून बसणारी पट्टी) घाला.